यंत्राचा निरोप वाचताना

‘वाचन’ हा शब्द उच्चारला की तुमच्या मनात कविता, कथा, कादंबरी किंवा फार तर एखादा अग्रलेख येतो. साहित्याच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ते स्वाभाविकच आहे. या लेखात मात्र मी तुम्हांला एका निराळ्या संहितेकडे घेऊन जाणार आहे. ही संहिता यंत्र लिहिते. ती इंग्रजीत असते, तुटक असते, कधी दोन ओळींची तर कधी दीडशे ओळींची असते. तिच्यात रस नाही, अलंकार नाहीत. तरीही ती नीट वाचता आली नाही, म्हणून शिक्षणाची वाट सोडून देणारी मुले मी पाहिली आहेत. ही संहिता म्हणजे संगणकाने दाखवलेला चुकीचा संदेश. आपण ज्याला सर्रास ‘एरर’ म्हणतो तो.

मी टिटवाळ्याला राहतो. कल्याणहून कसाऱ्याकडे निघाले की शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. बाहेरच्यांना हे गाव महागणपतीच्या मंदिरामुळे ठाऊक असते आणि अंगारकीच्या दिवशीची रांगही त्यांच्या परिचयाची असते. आम्हां रहिवाशांना ते पहाटेच्या लोकलमुळे अधिक ठाऊक आहे. संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. त्यामुळे आमच्या इमारतीतील आणि आजूबाजूची शिकणारी मुले रात्री लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्या तक्रारींपैकी एक तक्रार सर्वांत जास्त वेळा ऐकू येते : ‘प्लगइन इन्स्टॉल होत नाही.’

आधी हा शब्द समजून घेऊ. आज्ञावली लिहिणारा माणूस साध्या वहीसारख्या खिडकीत लिहीत बसत नाही. लिहिणे, तपासणे, चालवून पाहणे, चूक शोधणे ही सारी कामे एकाच ठिकाणी करता येतील अशी एक कार्यशाळा त्याच्याजवळ असते. ‘एक्लिप्स’ ही अशीच एक प्रसिद्ध कार्यशाळा. आयबीएम या कंपनीने ती २००१ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वांसाठी खुली केली आणि २००४ पासून एक स्वतंत्र प्रतिष्ठान तिचा सांभाळ करते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेले ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ ही आज बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती असलेली दुसरी कार्यशाळा. या दोहोंचा गाभा त्या मानाने लहान आहे. बाकीची सामर्थ्ये बाहेरून आणून जोडायची असतात. जोडायच्या अशा प्रत्येक घटकाला प्लगइन किंवा एक्स्टेंशन म्हणतात. एक्लिप्समध्ये तर आपण जे जे वापरतो, ते जवळजवळ सारे प्लगइनच असते.

बाहेरून जोडून यंत्राला नवे सामर्थ्य देण्याची ही कल्पना मराठी माणसाला अपरिचित नाही. ज्या काळी संगणकाला देवनागरी येत नव्हती, त्या काळी पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचे ‘जिस्ट कार्ड’ संगणकाच्या पेटीत बसवावे लागे. ते बसले की तोच संगणक मराठी दाखवू लागे. कार्ड ही हाताला लागणारी वस्तू होती. प्लगइन दिसत नाही, एवढाच फरक. ‘आहे त्याला जोड द्यायची’ हे तत्त्व दोन्हीकडे एकच. आणि जोड म्हटली की ती जमण्याचा किंवा न जमण्याचा प्रश्न येतोच.

जोड का जमत नाही, याचे उत्तर आमच्या रेल्वेमार्गानेच फार सुबोधपणे दिले आहे. मुंबईत विजेची पहिली गाडी १९२५ च्या फेब्रुवारीत धावली, ती १५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर. पुढे मध्य रेल्वेने २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाकडे टप्प्याटप्प्याने स्थित्यंतर केले आणि उपनगरी मुख्य मार्गावरचे हे काम २०१५ मध्ये पूर्ण झाले. मधल्या काळात मार्गाच्या काही भागात जुना प्रवाह होता आणि काही भागात नवा. केवळ जुन्या प्रवाहासाठी बांधलेली गाडी नव्या तारेखाली चालू शकत नव्हती. त्या गाडीत काही बिघाड नव्हता, तारेतही नव्हता. दोहोंचे परस्परांशी जमत नव्हते, इतकेच. म्हणून दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या लोकल गाड्या आणाव्या लागल्या. प्लगइनच्या बहुतेक तक्रारी या जातीच्या असतात. दोष बहुधा प्लगइनमध्ये नसतो, कार्यशाळेतही नसतो आणि ती वापरणाऱ्या विद्यार्थ्यात तर नसतोच नसतो. दोष असतो तो दोहोंच्या नात्यात. पण हे कळण्यासाठी यंत्राने पाठवलेला निरोप वाचावा लागतो, आणि नेमके तेच घडत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. आमच्या मजल्यावरची एक मुलगी कल्याणच्या एका महाविद्यालयात माहिती-तंत्रज्ञान शिकत होती. आंबिवलीजवळच्या ज्या कारखान्यात तिचे वडील काम करत, तो बंद पडून बरीच वर्षे झाली होती. घरचा लॅपटॉप जुन्या बाजारातून घेतलेला. घरात इंटरनेट मोबाइलचे आणि त्यालाही दिवसाची मर्यादा. म्हणून तिने एक्लिप्स उतरवून न घेता पेनड्राइव्हवरून तयार फोल्डर आणले होते. वर्ग आणि त्यांचे परस्परसंबंध आकृतीत दाखवणारे एक प्लगइन तिला प्रकल्पासाठी हवे होते. मैत्रिणीकडून आणलेली त्याची फाइल तिने ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकली. मेन्यूत नाव उमटले, पण ते निवडले की एक लहानशी चौकट उघडे आणि काम थांबे.

“काका, तिसऱ्यांदा सगळं काढून परत टाकलं. तेच होतंय,” ती म्हणाली.

“चौकटीत काय लिहिलंय?” मी विचारले.

“एरर आहे.”

“ते कळलं गं. पण लिहिलंय काय?”

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “ते वाचलं नाही. एररच आहे ना ती! वर्गात सगळ्यांचं चालतंय, मलाच जमत नाही. सर म्हणाले, लॅपटॉप बदला. तो कुठून बदलू? त्यापेक्षा मी बी.कॉम.ला जाते.”

मित्रहो, या संवादात प्लगइनपेक्षा मोठा प्रश्न दडलेला आहे. चौकट उघडताच त्या मुलीने ती वाचण्याऐवजी तिचा निकाल लावून टाकला, आणि तोही स्वतःविरुद्ध. तांबड्या फुलीचे चिन्ह तिला उत्तरपत्रिकेवरच्या फुलीसारखे वाटले. वास्तविक ती चौकट म्हणजे तिच्याविषयीचा शेरा नव्हता. यंत्र आपल्या परीने, आपल्या ओबडधोबड भाषेत, काय अडले ते सांगत होते.

चौकटीतील मजकूर त्रोटक होता : क्रिया पूर्ण होऊ शकली नाही, एवढेच. अशा वेळी खरी हकीकत लॉगमध्ये सापडते. लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी. एक्लिप्स ती आपल्या कामाच्या फोल्डरात, ‘मेटाडेटा’ नावाच्या उपफोल्डरमध्ये लिहून ठेवते. ती फाइल आम्ही उघडली. शंभराहून अधिक ओळी. ती घाबरली. मी तिला एकच गोष्ट सांगितली : “ही गोष्ट उलटी वाचायची असते. वरच्या ओळीत परिणाम असतो. खाली ‘कॉज्ड बाय’, म्हणजे ‘कारण’, असे शब्द शोध. ते अनेकदा येतील. त्यांतलं सर्वांत शेवटचं वाच.”

तिने ते शोधले. त्या ओळीत ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ असे शब्द होते आणि दोन आकडे होते : ५५ आणि ५२. हे आकडे गूढ वाटतात, पण त्यांची किल्ली सोपी आहे. जावा या भाषेत तयार झालेल्या प्रत्येक फाइलवर आवृत्तीचा क्रमांक कोरलेला असतो. त्यातून ४४ वजा केले की जावाची आवृत्ती मिळते. ५५ म्हणजे जावा ११, ५२ म्हणजे जावा ८. त्या ओळीचा मराठी अर्थ असा झाला : ‘हे प्लगइन जावा ११ साठी बांधलेले आहे आणि मी मात्र जावा ८ पर्यंतचेच समजू शकते.’ पुन्हा तीच गाडी आणि तीच तार.

“पण काका, माझ्याकडे जावा अकरा आहे! मागच्याच आठवड्यात टाकलं.” तिने काळ्या खिडकीत आज्ञा देऊन ते सिद्धही करून दाखवले. यंत्राने खरोखरच ११ असे उत्तर दिले.

या ठिकाणी पुष्कळ जण पुन्हा ‘सगळे काढून परत टाका’ या उपायाकडे वळतात. परंतु दोन खऱ्या विधानांत विसंगती दिसली, तर वाचकाने चिडू नये. त्याने विचारावे : ही दोन विधाने एकाच वस्तूविषयी आहेत का? एका संगणकात दोन जावा सुखाने नांदू शकतात. काळ्या खिडकीने तिला वाटेत प्रथम सापडलेल्या जावाविषयी सांगितले. एक्लिप्स कोणती जावा वापरते, हे एक्लिप्सलाच विचारायला हवे होते. त्याची सोय ‘अबाउट’ या मेन्यूतील तपशिलांत असते. तेथे स्पष्ट लिहिले होते : जावा ८. मग ‘एक्लिप्स डॉट आयएनआय’ नावाची छोटी फाइल आम्ही उघडली. तिच्यात ‘व्हीएम’ या शब्दाखालच्या ओळीत जुन्या जावाचा पत्ता होता. पेनड्राइव्हवरचे फोल्डर मूळ ज्याचे होते, त्याने तो कधीतरी लिहिला होता. महाविद्यालयातील सूचनेप्रमाणे तिने आधी जावा ८ टाकलेली असल्यामुळे तो पत्ता तिच्याही संगणकात खरा ठरत होता. ज्या मुलांनी नवे एक्लिप्स स्वतः उतरवून घेतले, त्यांच्याकडे ही ओळच नव्हती. म्हणून त्यांचे चालत होते. त्यांच्या हुशारीचा किंवा हिच्या उणेपणाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

तिने स्वतःच पत्ता बदलला, एक्लिप्स पुन्हा सुरू केले, आणि मेन्यूतील ते नाव निवडताच आकृती उमटली. नवा लॅपटॉप लागला नाही. काही उतरवून घ्यावेही लागले नाही. लागली ती एका ओळीची दुरुस्ती आणि त्या ओळीपर्यंत नेणारे वाचन.

जावाची आवृत्ती हे अडचणीचे एकमेव कारण नव्हे. दुसरे कारण म्हणजे परावलंबन. प्लगइन सहसा एकटे येत नाही. आपल्याला आणखी कोणकोणते घटक हवेत आणि ते कोणत्या आवृत्तीचे हवेत, याची यादी ते सोबत बाळगते. यादीतील एक घटक जरी सापडला नाही, तरी एक्लिप्स स्थापना नाकारते आणि ‘आवश्यक घटक मिळाले नाहीत’ अशा अर्थाचा संदेश देते. विद्यार्थी पहिले वाक्य वाचून थांबतो. न सापडलेल्या घटकाचे नाव पुढच्याच ओळींत असते. अशा परावलंबनाची साखळी किती लांब असू शकते, ते २०१६ च्या मार्चमध्ये जगाला कळले. ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या ११ ओळींचा एक घटक त्याच्या कर्त्याने सार्वजनिक भांडारातून काढून घेतला. शब्दाच्या डावीकडे ठरावीक संख्येने चिन्हे भरणे, इतकेच त्याचे काम. पण त्याच्यावर अवलंबून असलेल्या घटकांवर आणखी घटक अवलंबून होते. परिणामी असंख्य प्रकल्पांची बांधणी एकाएकी अडली आणि काही तासांतच तो घटक भांडारात परत ठेवावा लागला.

तिसरे कारण म्हणजे वाट. प्लगइन ज्या दूरच्या भांडारातून यायचे, तेथपर्यंत पोचताच येत नाही. काही महिन्यांनी तीच मुलगी माझ्याकडे आली, पण या वेळी लॅपटॉप न आणता वही घेऊन आली. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत प्लगइन उतरत नव्हते. तिने शेवटच्या ‘कॉज्ड बाय’ची ओळ जशीच्या तशी उतरवून आणली होती. तिच्यात प्रमाणपत्रांची साखळी जुळत नसल्याचे म्हटले होते. खाली तिने लिहिले होते : ‘फक्त नेट बदलले. मोबाइलवर चालले. म्हणजे एक्लिप्स ठीक, प्लगइन ठीक.’ ती नोंद वाचून मला जो आनंद झाला, तो पहिल्या यशाच्या वेळीही झाला नव्हता.

ही प्रमाणपत्राची भानगड हुंडीच्या व्यवहारासारखी आहे. हुंडीवरची सही ओळखीच्या पेढीची असेल तर पैसे मिळत. सही अनोळखी असेल, तर हुंडी खरी असूनही परत जाई. अनेक संस्थांमध्ये इंटरनेटची रहदारी एका पहारेकऱ्यामार्फत जाते आणि तो पहारेकरी मूळ प्रमाणपत्राच्या जागी स्वतःची सही करतो. ब्राउझरला ती सही ओळखायला शिकवलेले असते. जावाजवळ मात्र विश्वासू पेढ्यांची स्वतःची निराळी यादी असते आणि त्या यादीत ती सही नसते. म्हणून ब्राउझरमध्ये तेच संकेतस्थळ उघडते आणि एक्लिप्स मात्र अडून बसते. अशा वेळी ‘तपासणीच बंद करून टाका’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो मानू नका. सही न पाहता हुंडी वटवणारी पेढी फार दिवस टिकत नाही. त्या मुलीने प्रयोगशाळेच्या साहाय्यकांना आपली नोंद दाखवली. त्यांनी संस्थेचे प्रमाणपत्र जावाच्या यादीत घातले आणि त्या प्रयोगशाळेतील सर्वांचेच काम सुरू झाले.

तिच्या नोंदीतील ‘फक्त’ हा शब्द मला मोलाचा वाटतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा या कामातील पहिला नियम. नेट बदलले, जावा बदलली, प्लगइनही नवे आणले आणि मग चालले, तर काम होते पण कळत काहीच नाही. पुढच्या वेळी आपण पुन्हा तितकेच अंधारात. शोधण्याचे क्षेत्र मोठे असले, तर ते निम्मे-निम्मे करत जावे. समजा, व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये ३२ एक्स्टेंशन आहेत आणि त्यांपैकी एक गोंधळ घालते आहे. एकेक बंद करून पाहिले तर ३१ वेळा तपासावे लागू शकते. त्याऐवजी १६ बंद करावीत. गोंधळ थांबला तर गुन्हेगार त्या १६ मध्ये, नाही तर उरलेल्या १६ मध्ये. मग ८, ४, २, १. पाच पायऱ्यांत उत्तर. या कार्यशाळेत ‘एक्स्टेंशन बायसेक्ट’ नावाची सोयच त्यासाठी आहे.

हे सारे साहित्याच्या विद्यार्थ्याला का सांगायचे, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. उत्तर तुमच्या अभ्यासक्रमातच आहे. शके १५०६ मध्ये संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोपर्यंतच्या नकलांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांच्या लेखकांच्या हातून अपपाठ शिरले होते. पाठशुद्धीचे काम म्हणजे नकला समोर ठेवणे, फरक नोंदवणे, फरक कोठे शिरला त्याचा माग काढणे आणि मगच दुरुस्ती करणे. संशय आला म्हणून सारी पोथी फाडून नव्याने लिहिणे, हे पाठशुद्धीचे काम नव्हे. ‘सगळे काढून परत टाका’ हा सल्ला आणि लॉगची शेवटची ओळ वाचणे, यांत हाच फरक आहे. एकीकडे कंटाळा आहे आणि दुसरीकडे चिकित्सा. पेनड्राइव्हवरून हातोहात फिरलेले ते फोल्डर तरी दुसरे काय होते? नकलेची नकला होत होत त्यात कोणा अनामिकाची एक ओळ शिरली होती. ती अपपाठासारखी शोधून काढावी लागली. ही शिस्त तुमच्यापाशी आहे. काव्यातील एका शब्दावर थांबून ‘हाच शब्द का?’ असे विचारण्याची सवय ज्याला लागली आहे, त्याला ५५ आणि ५२ या आकड्यांवर थांबणे अवघड जाऊ नये.

भाषेची अडचण मात्र खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. पवईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाने जावासारख्या विषयांचे छोटे पाठ मराठी आवाजात उपलब्ध करून दिले आहेत. स्वतःच्या वेगाने शिकणाऱ्याला ते फार उपयोगी पडतात. परंतु पडद्यावर दिसणारी कार्यशाळा इंग्रजीच असते, आणि ठरलेल्या पाठाबाहेरचा संदेश जेव्हा उगवतो तेव्हा विद्यार्थी एकटा असतो. तेवढ्यासाठी इंग्रजी साहित्याचे ज्ञान लागत नाही. पंचवीस-तीस शब्द पुरतात : आवश्यक, सापडले नाही, आवृत्ती, कारण, परवानगी, वेळ संपली. हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. ते एकदा ओळखीचे झाले की दीडशे ओळींच्या लॉगमधील महत्त्वाच्या दोन ओळी आपोआप वर येतात.

म्हणून तुम्हांला एक विनंती. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून शिकत आहात. घरात धाकटी भावंडे असतील, काहींची मुलेही कॉलेजात असतील. त्यांच्यापैकी कोणी ‘एरर आली, मला जमत नाही’ असे म्हटले, तर संगणक येत नसला तरी त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, “काय लिहिलंय ते मोठ्याने वाच.” मग शेवटचे कारण मराठीत सांगायला लावा. काय बदलले आणि काय घडले, हे त्याला वहीत मराठीतच लिहू द्या. अशा वह्या आज फारशा कोणाजवळ नाहीत. त्या शेजारच्या मुलीची वही मात्र आमच्या इमारतीत हातोहात फिरते, आणि प्रत्येक नवा वाचक तिच्यात आपली एखादी ओळ, तारखेसह, वाढवतो.